घोटभर ओतून थांबायचं

मुंबई,
१० जून १९७७

प्रिय ताई,

जयभीम. आईचा ताप उतरल्याचं तुझ्या कार्डावरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. अशक्तपणा जायला वेळ लागेल, तिला चुलीपाशी फार बसू देऊ नकोस.

माझ्याकडची बातमी अशी की मला बढती मिळाली. वर्षभर उष्ट्या ताटल्या उचलल्या, आता टेबलापाशी उभा राहतो. काळा कोट आहे, डाव्या हातावर पांढरा रुमाल आहे. आमचे मुख्य वाढपी कायतान मामा गोव्याचे आहेत, तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी मला हाताखाली घेतलंय.

इथली एक रीत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे जेवणासोबत बाटलीतला द्राक्षाचा रस देतात. परदेशातून येतो. गिऱ्हाइकानं बाटली सांगितली की ती आधी त्याला दाखवायची, वरची चिठ्ठी वाचू द्यायची. मागवली तीच आली ना, हे त्यानं बघायचं. मग त्याच्यासमोर बूच काढायचं आणि ज्यानं मागवली त्याच्या ग्लासात घोटभरच ओतून गप्प उभं राहायचं. तो ग्लास फिरवतो, वास घेतो, चाखतो, मान हलवतो. मग आधी बायकांना वाढायचं, नंतर पाहुण्यांना, आणि यजमानाला सगळ्यांत शेवटी.

मला वाटायचं, आवडलं का हे विचारायला ही रीत असेल. कायतान मामा म्हणाले, "छे. निवड त्याने आधीच केली. आपण विचारतो ते एवढंच, की माल नासलेला नाही ना? नासला असेल तर बाटली परत. आवडला नाही, तर तो त्याचा प्रश्न."

परवा एक शेठजी बायकोला घेऊन आले. मी घोटभर ओतून थांबलो. शेठजी ग्लासाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. बायकोला म्हणाले, "पैसा पूरा लेते हैं, और देते हैं इत्तासा." मी वाकून हळूच सांगितलं, "साहेब, चाखून बघा, सगळी बाटली तुमचीच आहे." ते जरा ओशाळले, पण पुढे आनंदात जेवले. नंतर कायतान मामा म्हणाले, "हळू बोललास ते बरं केलंस. ज्याला रीत माहीत नाही, त्याला चारचौघांत शिकवली की तीच मोठी बेअदबी."

खानावळीचं काय चाललंय ते सविस्तर लिही.

तुझा,
केशव


इंदोरा, नागपूर,
२४ जून १९७७

केशवा,

तुयं पत्र मायले दोनदा वाचून दाखवलं. काळा कोट म्हंतल्यावर तिनं डोळे पुसले, अन् मंग मले इचारते, "एवढ्या गर्मीत पोराले कोट काहून घालाले लावते?" तू लई पुस्तकी लिवून राहिला गा. बढती भेटली म्हणून माफ.

खानावळीचं खरं सांगू तर बरं नाही. कामठी रोडवर आपल्या समोरच नवीन भोजनालय उघडलं. तिथं पंखा हाये, ट्यूबलाइट हाये. आपले नेहमीचे बारा-तेरा जण तिकडं गेले. तुये भाऊजी वारल्यावर मायनं अन् मी दोन गंज-पातेल्यांवर ही खानावळ उभी केली, तवापासून असे दिवस पायले नव्हते. सकाळचा रस्सा संध्याकाळी आमीच दोघी जेवून राहिलो.

तुयं पत्र वाचून मनात आलं, आपणही चाखाले देऊन पाहू. सोमवारपासून सुरू केलं. जो दारात येईल त्याच्या वाटीत पळीभर रस्सा टाकायचा अन् थांबायचं. पहिल्या दिवशी तिघं जण चाखून बसले अन् पोटभर जेवले. पण ते मिलमधले नत्थूजी हायेत ना, रिटायर झालेले, ते रोज येतात. एक पळी चाखते, डोळे मिटते, म्हंते, "समजलं नाही, अजून टाक." तीन पळ्या झाल्या की म्हंते, "उद्या सांगतो." आता चार दिवस झाले, उद्या काही येऊन नाही राहिला. अशाले तुया हॉटेलात काय करते ते लिव.

अजून एक. डॉक्टरनं मायले फळाचा रस घ्याले सांगतला. संत्र्याचा हा मोसम नाही. माय म्हंते, केशवाले लिव, त्याच्या हॉटेलातली द्राक्षाच्या रसाची एक बाटली धाड. परदेशी द्राक्ष हाये, अंगी लागंल. पैसे मी देईन. इसरू नको.

तुयी,
ताई


मुंबई,
८ जुलै १९७७

प्रिय ताई,

जयभीम. बाटलीचं सांगायचं तर ती टपालानं पाठवता येत नाही, काच फुटते. शिवाय तो रस आईसारख्या आजारातून उठलेल्या माणसाला सोसायचा नाही. थंड असतो. त्याऐवजी ग्लुकोजचा डबा पाठवतोय, तो पाण्यात कालवून दे.

नत्थूजींसाठी कायतान मामांना विचारलं. ते खूप हसले. म्हणाले, चव दारात उभ्या असलेल्याला द्यायची नसते, बसलेल्याला द्यायची असते. आधी पाट, ताट, पाणी. माणूस जेवायला बसला म्हणजे त्यानं निवड केली. मग घोटभर, आणि तीही एकदाच.

ते चाखत असताना तू "कसं झालं?" असं विचारू नकोस. तोंडाकडे टक लावूनही बघू नकोस, माणूस भिडेनं चांगलं म्हणून टाकतो. जरा बाजूला बघत उभी राहा. आणि कोणी "बिघडलंय" म्हणालं, तर वाद घालायचा नाही. भांडं उचलायचं, आत न्यायचं, आणि स्वतः चाखून बघायचं. तो चुकला असेल तरी परत येऊन तसं म्हणायचं नाही.

तुला राग गिळता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे दोनदा वाच.

तुझा,
केशव


नागपूर,
५ ऑगस्ट १९७७

केशवा,

तुया मामाची अक्कल चालली. नत्थूजी आले तसं मी पाट मांडला, ताट ठेवलं, गिलासात पाणी ओतलं अन् म्हंतलं, "बसा." बसले. मंग पळीभर रस्सा टाकला अन् भिंतीकडं पाहत उभी राहिली. चार दिवस ज्या माणसाले समजत नव्हतं, त्याले एका पळीत समजलं. तीन भाकरी जेवला. आता तो महिन्याचा गिऱ्हाईक हाये अन् नवीन माणसाले तोच शिकवते, "हे फुकट चाखणं नाही गा, ही रीत हाये." गेलेल्यांतले आठ जण वापस आले. पंख्याखाली बसून बेचव खाल्लं म्हंतात.

आता मोठी गोष्ट. इथं एक ट्रेनिंगचं वसतिगृह निघालं हाये, चाळीस पोरं. त्याईच्या दोन टाइमच्या जेवणाचं काम कोणाले द्यायचं ते तिथले साहेब ठरवणार. मधुसूदन साहेब नाव हाये. आपल्यातले नाहीत. नत्थूजीनं त्याईच्या कानावर घातलं अन् ते दसऱ्याच्या आधी जेवून पाहाले येतो म्हंतात. समोरच्या भोजनालयातही जाणार. हे काम भेटलं तर छत टाकता येईल, हाताखाली दोन बाया ठेवता येतील.

ग्लुकोज मायनं एकदा पेलं. खडू कालवल्यावानी लागते म्हंते. तिचा जीव बाटलीतच हाये. शेजारच्या गोपिकाले, मनकर्णामावशीले, चौकातल्या शिलाईवालीले, सगळ्याईले सांगून बसली की माहा पोरगा परदेशी रस धाडून राहिला. तू टपालात फुटते म्हंतला ना, तर सोय झाली. आपले देवाजी युनियनच्या कामानं मुंबईले चालले. मी त्याईले तुया हॉटेलाचा पत्ता देला. त्याईच्या जवळ एक बाटली दे. थंड असली तर माय उन्हात ठेवून पिईन म्हंते.

तुयी,
ताई


नागपूर,
२ सप्टेंबर १९७७

केशव,

देवाजी काल वापस आले. तुया हॉटेलाच्या समोरच्या दारातून त्याईले आत सोडलं नाही. फुटपाथवर उभं राहून काचेतून त्याईनं तुले पायलं. तू एका टेबलापाशी बाटली घेऊन उभा होता. दारावरच्या पहारेकऱ्याले त्याईनं इचारलं, हा कोणता रस होय? तो हसला म्हंतात.

देवाजीनं मले बाजूला घेऊन सांगतलं. मायले सांगतलं नाही, मीही नाही.

आपल्या बाबानं दीक्षाभूमीवर पंचशील घेतलं त्या दिवसापासून मरेपर्यंत थेंब घेतला नाही. त्याच्या आधीचे दिवस तुले आठवत नसतील, तू चार-पाच वर्षांचा होता. मले आठवतात. बाबाले गुत्त्यावरून घराले आणाले मी जात होती.

खरं काय ते लिव. लांबलचक नको.

ताई


मुंबई,
९ सप्टेंबर १९७७

ताई,

खरं हे हाये की ते वाइन हाये. दारूच. द्राक्षाची असते म्हणून मी रस लिवलं. पहिल्या पत्रात लिवताना वाटलं, एवढंच झाकू, पुढं कोण इचारते. मंग मायनं बाटली मागतली अन् मी त्याच्यात फसत गेलो. देवाजीकाका येऊन गेले ते मले मालूमच नव्हतं. काचेच्या बाहेर ते उभे होते अन् मी आत कोट घालून उभा होतो.

मी एक थेंब गिळला नाही, ताई. हे तू मानशील की नाही मले माहीत नाही. कायतान मामानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, चाखल्याबिगर हे काम शिकता येत नाही. मी त्याईले म्हंतलं, माह्या घरी हे चालत नाही, मी नाकानं शिकीन. ते म्हणाले, पाहू. तवापासून मी बुचाचा वास घेतो. लहानपणी तुया हाताखाली धने-जिरे निवडत होतो, तू डोळे बांधून वळखाले लावत होती, ते कामी आलं.

मागच्या महिन्यात एक मोठी पार्टी होती, दहा माणसं, दोघं फॉरेनचे. मी घोटभर ओतलं तर यजमान साहेबानं ग्लासाले हात न लावता म्हंतलं, "वो सब छोडो, डालो सबको." बूच माह्या हातात होतं. त्याले भिजलेल्या पुठ्ठ्यावानी वास येत होता. म्हणजे बाटली खराब. मी ओतलं नाही. म्हंतलं, "साहेब, एकदा पाहून घ्या." ते चिडले, सगळं टेबल माह्याकडं पाहाले लागलं. मॅनेजर पळत आले. त्याईनं चाखलं, तोंड वाकडं केलं अन् बाटली बदलून देली. त्या रात्री मॅनेजरनं इचारलं, तुले चाखल्याबिगर कसं समजलं? मी म्हंतलं, वासानं.

मले त्या कामाचा गर्व वाटला. तेही खरंच हाये, म्हणून लिवतो.

तू सोड म्हंतलं तर मी सोडतो. मायले तूच सांग, मले लिववत नाही.

केशव


नागपूर,
२५ ऑक्टोबर १९७७

केशवा,

दीड महिना झाला, तुले वाटलं असंल ताईनं पत्र फाडून टाकलं. फाडलं नाही. लिवाले बसली की उठून चुलीपाशी जात होती. अन् मंग इथं जे झालं ते आता सांगते.

मधुसूदन साहेब दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आले. मी पहाटपासून उठून रस्सा केला. सामान सगळं नवं आणलं होतं, जवसाच्या तेलाचा डबासुद्धा सीलबंद. साहेब पाटावर बसले, ताट, पाणी, सगळं रीतीनं. पळीभर रस्सा टाकला अन् मी भिंतीकडं पाहत उभी राहिली. त्याईनं चाखलं. थांबले. वाटी खाली ठेवली अन् हळूच म्हणाले, "बाई, हे खाण्यासारखं नाही."

मले राग आला. मले वाटलं, याले आपल्या हातचं खायचं नाही, म्हणून बहाणा काढून राहिला. अशी माणसं आपण कमी पायली का? तोंडावर आलं होतं, "साहेब, खायचं नव्हतं तर आले काहून?" नत्थूजी कोपऱ्यात बसले होते, तेही उठले होते. तेवढ्यात तुयं ते जुलैतलं पत्र आठवलं, दोनदा वाच म्हंतला होता ते. मी वाटी उचलली, आत गेली, चुलीपाशी उभं राहून रस्सा जिभेवर ठेवला.

खऊट होता, केशवा. जवसाचं तेलच खराब निघालं. पहाटपासून मसाल्याच्या धुरात बसून माहं नाक मेलं होतं, मले समजलंच नाही. त्या साहेबानं सांगतलं नसतं तर ते मी तीस लोकाईले वाढलं असतं.

बाहेर येऊन म्हंतलं, "साहेब, तुमचं बरोबर हाये. तेल खराब निघालं. तासभर बसाल तर दुसरं करते." मले वाटलं, साहेब उठून समोरच्या भोजनालयात जातील. ते म्हणाले, "बसतो. पाणी आहे का?" मी माठातून गिलास भरून देला. त्याईनं तोंड लावून पूर्ण पेला अन् म्हणाले, "अजून एक द्या. माठाचं पाणी फार दिवसांनी प्यालो." मी मंग आत गेली अन् पदरानं डोळे पुसले. कोणाबद्दल काय समजून बसली होती.

घरात शेंगदाण्याचं तेल होतं. भरली वांगी केली, गरम भाकरी, ठेचा. मायही उठून बसली अन् भाकरी थापाले लागली. साहेब सवा तास थांबले. नत्थूजीनं त्याईले मिलच्या गोष्टी सांगून सांगून धरून ठेवलं. जेवल्यावर हात धुता धुता साहेब म्हणाले, "समोर मी चार दिवसांपूर्वी जेवलो. भात शिळा होता. सांगितलं तर मालक म्हणाला, बाकी कोणाला नाही लागला शिळा." अन् पुढच्या महिन्यापासून काम आपल्याले देलं.

त्या दिवशी संध्याकाळी मायले सगळं सांगतलं. तुयंही. ती लई वेळ चुलीतले निखारे हलवत बसली. मंग इचारलं, "पित नाही ना?"

"नाही म्हंते."

"मंग मले सगळ्या मोहल्ल्यात रस येऊन राहिला म्हणून काहून सांगू देलं त्यानं? गोपिका रोज इचारते."

दोन दिवस तुयं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाली, "ते काम मले आवडत नाही. पण पोरगा आपल्याले भेऊन खोटं लिवते, हेही मले आवडत नाही. त्याले लिव, हातचं काम एकदम टाकू नको. दुसरं भेटते का पाय. अन् आता जे लिवशील ते खरं लिव, मंग ते कसंही असो."

माहंही तेच म्हणणं हाये. घाई करू नको.

गोपिकाले मायनं सांगतलं की बाटली रस्त्यात फुटली. म्हंजे खोटं बोलाले घरात आता तीही शिकली.

तुयी,
ताई


मुंबई,
३१ ऑक्टोबर १९७७

ताई,

तुयं पत्र परवा भेटलं, अन् मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच राजीनामा देला होता. दीड महिना तुयं पत्र नाही, म्हंजे तुयं उत्तर मले समजलं, असं मी धरून चाललो. आता तू लिवते घाई करू नको.

पण ऐक, वाईट झालं नाही. राजीनामा घेऊन मॅनेजरसाहेबाकडं गेलो. त्याईनं कारण इचारलं. मी खरं सांगतलं, माह्या घरी दारू चालत नाही, वाढलेलीही चालत नाही, अन् मी घरी खोटं लिवलं होतं. मले वाटलं हसतील. त्याईनं कायतान मामाले बोलावलं. मामा म्हणाले, "साहेब, हा जाईल तर याचं नाकही जाईल." दोघं इंग्रजीत काही बोलले. मंग मॅनेजरनं राजीनामा फाडला अन् मले मागच्या दाराशी टाकलं.

मागचं दार म्हंजे जिथं सकाळी सहाले सगळा माल उतरते. मासळी, लोणी, तेलाचे डबे, मसाले, भाज्या. आता माहं काम हे हाये की डबा उघडायचा, पाहायचा, वास घ्यायचा अन् सही करायची. मी सही केली नाही तर माल वापस. कोट गेला, निळा झगा भेटला. मामाले सोडून आलो याचं वाईट वाटते. दुपारी ते चहा प्याले मागच्या दारी येऊन बसतात. तुयं मधुसूदन साहेबाचं सगळं मी त्याईले वाचून दाखवलं. माठाच्या पाण्याशी आलो तसं ते म्हणाले, "थांब, ते परत वाच."

परवा लोण्याचे सहा डबे आले. एका डब्याचा वास मले जमला नाही. मी बाजूला ठेवला. टेम्पोवाला व्यापारी दहा वर्षांपासून माल टाकते, त्याले कोणी कधी अडवलं नव्हतं. तो म्हणाला, "नया है क्या? पहले कहाँ काम करता था?" मी म्हंतलं, "नागपूरले. माह्या बहिणीची खानावळ हाये. तिथं हा डबा चालला नसता."

त्यानं बोट घालून चाखलं, डबा उचलून टेम्पोत ठेवला.

ताई, तू खरं लिव म्हंतलं म्हणून लिवतो. एवढे दिवस इथं मामाले सोडून कोणी घरचं इचारलं तर मी म्हणत होतो, घरचा बिझनेस हाये. खानावळ हा शब्द मी मुंबईत परक्यापुढं परवा पहिल्यांदा बोललो. अन् बोलल्यावर काही झालं नाही. पुढचा डबा उघडला.

मायले माहा जयभीम सांग.

तुया,
केशव